प्रश्नाचं शेपूट

काटे हे तिचं आडनाव नव्हे, पण आता सांगूनही ते कुणाला पटत नाही. बाळ-बाळंतिणींच्या दवाखान्यात, व्हरांड्याच्या अगदी टोकाला, तीन नंबरच्या खोलीत तान्ह्या बाळांचा वजनकाटा आहे आणि त्या काट्यापाशी सव्वीस वर्षं ही बाई उभी आहे, म्हणून काटेताई. एकदा नव्या कारकुनानं तिच्या ओळखपत्रावरच ‘काटे’ छापून आणलं. तिनं ते तसंच गळ्यात अडकवलं. म्हणाली, “बदलायला दिलं तर सहा महिने येणार नाही. तोवर मी कोण, हे माझं मीच विसरेन.”

नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. सगळा बाजार त्यांना घड्याळजी म्हणतो. भिंग डोळ्याला लावून दिवसभर दुसऱ्यांच्या वेळा नीट करायच्या आणि स्वतः जेवायला तासभर उशिरा यायचं, असा त्यांचा खाक्या. ते म्हणतात, “माझे काटे फिरतात, हिचा डुलतो, एवढाच फरक. बाकी आमचा संसार काट्याकुट्यांचाच.” काट्याचा तिसरा अर्थ दवाखान्यातल्या आया सांगतात, पण तो दबक्या आवाजात आणि ताई खोलीत नाही हे बघून. तो तिच्या जिभेबद्दल आहे.

खोली लहानशी. एक खिडकी, तिला जाड पडदा. हात धुवायचं बेसिन, त्याच्यावर साबणाची वडी जाळीच्या पिशवीत टांगलेली, म्हणजे कुणी नेत नाही. एक लाकडी खुर्ची, जिचे हात ताईनं सुताराकडून चार बोटं खाली कापून घेतलेत. मुळात ती साहेबांच्या खोलीतली खुर्ची. साहेबांना खांदे वर करून बसायला आवडायचं, बाळंतिणीला तसं बसवलं तर मान धरते आणि बाळ तोंडातून सुटतं. पायाखाली घ्यायला उपडा खोका. भिंतीवर घड्याळजींनी दिलेलं घड्याळ, जे सव्वीस वर्षांत मिनिटभरही चुकलेलं नाही, कारण ते चुकलं तर घरी ऐकावं लागतं.

आणि काटा. त्याच्या पत्र्याच्या पाळण्यात बाळ ठेवायच्या आधी ती दुपटं घासून पत्रा गरम करते. कुणी घाई केली तर म्हणते, “तुम्हाला उघड्या अंगानं गार पत्र्यावर निजवलं तर तुम्ही काय गाणं म्हणाल?”

तिची कामाची रीत ठरलेली. आधी वजन. मग आईनं पाजायचं, घाई न करता. मग त्याच कपड्यांत, त्याच लंगोटासकट पुन्हा वजन. जेवढं वाढलं तेवढं दूध पोटात गेलं. लंगोट मध्ये बदलायचा नाही, कितीही ओला झाला तरी. एकदा एका आजीबाईंनी ताईची पाठ वळलेली बघून प्रेमानं कोरडा लंगोट बांधला, आणि दूध पिऊन बाळ चाळीस ग्रॅमनं हलकं झालं. ताईनं काट्याकडे बघितलं, आजीबाईंकडे बघितलं आणि वहीत लिहिता लिहिता म्हणाली, “आज बाळानंच आईला पाजलेलं दिसतंय.”

बायका हसतात आणि हसल्या की सैल होतात, हे तिला माहीत होतं. सैल झाल्याशिवाय दूध उतरत नाही. घाबरलेल्या, अवघडलेल्या, घरच्यांच्या सल्ल्यांनी कान किटलेल्या पोरी या खोलीत यायच्या आणि अर्ध्या तासानं बाळ कुशीत घट्ट धरून बाहेर पडायच्या. बाळाचं तोंड कसं मोठं उघडू द्यायचं, हनुवटी कुठे टेकवायची, गिळल्याचा आवाज कसा ओळखायचा, हे तिनं किती जणींना शिकवलं असेल याची गणती नाही. तिच्या हाताखालून गेलेल्या मुलींच्या मुली आता बाळं घेऊन येऊ लागल्या होत्या.

फक्त एका गोष्टीवर तिचा काटा सरळ उभा राहायचा. दुधाच्या पावडरीचा डबा.

त्याला कारण होतं. ती नोकरीला लागली त्या वर्षी एक गोडबोल्या माणूस खोका घेऊन दवाखान्यात आला आणि दर बाळंतिणीच्या उशाशी एकेक डबा फुकट ठेवून गेला. डबा आठवडाभर पुरला. तोवर अंगावरचं दूध ओसरलेलं. मग जिला परवडेना तिनं डबा पुरवून पुरवून वापरला, जिच्याकडे पाणी बरं नव्हतं तिनं तेच पाणी वापरलं. उन्हाळ्यात जुलाबाच्या बाळांनी खाटा भरल्या. दोन बाळं घरी परत गेली नाहीत. काटेताई तेव्हा तेवीस वर्षांची होती, आणि त्या दोघांचंही शेवटचं वजन तिनंच केलं होतं.

तेव्हापासून तिच्या तोंडी एक वाक्य बसलं: “डबा उघडला, झरा बुजला.” वाक्य आटोपशीर होतं, तोंडात चटकन बसणारं. आयांनी ते उचललं, आज्यांनी घरी नेलं, पुढे भाजीबाजारातसुद्धा ऐकू यायला लागलं.

आणि एक प्रश्न. नवीन आई खोलीत आली की ती काट्याचा पत्रा गरम करता करता, पाठमोरी असतानाच विचारायची, “अंगावरच पाजतेस ना?”

बाई म्हणायची, “हो.” ताई लिहायची, हो.

घरी घड्याळजी तिच्या बोलण्याची थट्टा करायचे. ती म्हणायची, “आज लवकर याल ना?” की ते भिंग न काढताच म्हणायचे, “तुझ्या प्रश्नाला शेपूट असतं. ‘ना’. त्या शेपटाला धरून माणसाला हो म्हणायच्या खोलीत ओढत न्यायचं आणि बाहेरून कडी घालायची. मग तो हो म्हणतो आणि यायचं तेव्हा येतो.” ती म्हणायची, “बरं, येऊ नका.” ते म्हणायचे, “हे बघ, याला शेपूट नाही. याचा विचार करता येईल.” यावर ती हसायची, आणि हसून विषय तिथेच राहायचा.

*

टेलरीण पहिल्यांदा आली तेव्हा तिची मुलगी तीन आठवड्यांची होती. बाई चोविशीची, काटक, कानामागे पेन्सिल खोचलेली. ती बाळंतपणातही काढली नसेल असं वाटावं. नवरा मालाच्या गाडीवर, महिन्यातून दोनदा घरी. घरात ती, सासूबाई आणि शिलाईचं मशीन. बाळंतपणात रक्त फार गेलं होतं, चेहऱ्यावर अजून रंग नव्हता. बाळाला ती टाचणी म्हणायची. “डोकं तेवढं दिसतं, बाकी सगळी काडी,” ती म्हणाली आणि हसली. पण हसताना तिनं बाळाचं डोकं तळव्यानं झाकून घेतलं.

“अंगावरच पाजतेस ना?” काटेताईनं विचारलं.

“हो,” टेलरीण म्हणाली.

बरोबर आलेल्या सासूबाई दारातून म्हणाल्या, “न पाजून सांगते कुणाला? मी आहे ना लक्ष ठेवायला. डबा उघडला, झरा बुजला, मला पाठ आहे तुमचं.”

काटेताई खूश झाली. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कुणालाही बरंच वाटतं. त्या वेळी तिनं टेलरणीच्या तोंडाकडे बघितलं नाही.

वजन बेताचं होतं. बाळ कसं धरायचं ते ताईनं दाखवलं, दोन-दोन तासांनी पाजायला सांगितलं, स्वतः वेळेवर जेव म्हणाली. पुढच्या गुरुवारी वजन जेमतेम हललं. त्याच्या पुढच्या गुरुवारी, बाळ पाच आठवड्यांचं असताना, आठवडाभरात वाढ झाली होती तीस ग्रॅम. व्हायला हवी होती दीडशे ते दोनशे. जन्माचं वजन दोन किलो आठशे होतं, आता तीन किलो वीस. टाचणी रडायचीसुद्धा हळू, कुणाला त्रास नको म्हणून रडल्यासारखी.

ताईनं आधी वजन, मग पाजणं, मग वजन केलं. पोटात गेलं तीस ग्रॅम. जायला हवं होतं त्याच्या दुप्पट.

“रात्रीही पाजतेस ना?”

“हो.”

“दुसरं काही देत नाहीस ना?”

टेलरणीनं पेन्सिल कानामागून काढली आणि पुन्हा खोचली. “नाही.”

डॉक्टरीणबाईंनी बाळाला वरपासून खालपर्यंत तपासलं. ताप नाही, दुखणं नाही, जंतूंची तपासणीही स्वच्छ आली. बाळ भुकेलं होतं, एवढंच. त्यांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, “सोमवारी सकाळी पुन्हा वजन. हललं नाही तर मोठ्या इस्पितळात पाठवायचं, नाकातून नळी घालून पाजतील. मी जास्त थांबणार नाही.”

हे टेलरणीनं ऐकलं. बाळाला दुपट्यात गुंडाळताना तिनं तीन वेळा गाठ मारली आणि तीन वेळा सोडली.

काटेताईला त्या दिवशी काही सुधरेना. दूध तीस ग्रॅमच येत असलं तरी दिवसातून दहा-बारा वेळा पाजलं तर बाळ एवढं मागे राहणार नाही. म्हणजे एक तर पाजणं कमी होतंय, किंवा दूध पिताना बाळाची भूक आधीच मेलेली असते. आणि भूक मारायला घरात दुसरं काही नाही, असं आई म्हणते. हिशेब जुळत नव्हता.

शुक्रवारी दुपारी ती टेलरणीच्या घरी गेली. न सांगता. नेमून दिलेल्या गृहभेटी असतात, पण ही तिची तिनं काढलेली.

*

घर म्हणजे एक खोली आणि मागे स्वयंपाकाला आडोसा. खिडकीखाली मशीन. मशीनवर शाळेच्या गणवेशांची बिनबाह्यांची चळत, बाजूला बाह्यांची वेगळी चळत. शेल्फावर एका रांगेत काचेच्या बरण्या, प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी: बटणं, हुक, रिळं, इलॅस्टिक, खडू. सासूबाई भाजीला गेल्या होत्या. टाचणी कापडाच्या मऊ चिंध्यांच्या गादीवर निजली होती. टेलरणीनं ताईला बघितलं आणि तिचा पाय मशीनच्या पायपट्टीवर तसाच थांबला.

“घाबरू नकोस. तपासणीला नाही आले. बसतेस कुठे पाजायला, ते बघायला आले.”

टेलरणीनं खुर्ची दाखवली. लाकडी, उंच हातांची. काटेताई त्या खुर्चीत बसली, कोपर टेकवलं, खांदा कानापर्यंत वर गेला.

“इथंच तर घोडं अडतंय. या हातांमुळे तुझी मान आखडते, बाळ ओघळतं. चार बोटं खाली कापून घेऊ, आमचा सुतार येईल. थांब, खूण करून ठेवते.” आणि शेल्फ हाताच्या अंतरावरच असल्यामुळे तिनं खडूची बरणी खाली घेऊन झाकण फिरवलं.

“ताई, ती नको,” टेलरीण म्हणाली. पण तोवर झाकण निघालं होतं.

आत खडूचे तुकडे नव्हते. भुकटी होती. किंचित पिवळसर, आणि वर एक चहाचा चमचा रोवलेला. वास तर बरणी उघडल्या उघडल्याच आला, गोडसर, सव्वीस वर्षांपूर्वीचा. ताईनं बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. लावायची गरज नव्हती.

तिनं बरणी मांडीवर घेतली.

“कधीपासून?”

“तेराव्या दिवसापासून.”

“आणि माझ्या तोंडावर ‘नाही’ म्हणालीस. डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर. काल बाळाला नळी घालायची गोष्ट झाली तरी तुझं तोंड उघडलं नाही?”

टेलरीण मान खाली घालून कापडाची कड नखानं सरळ करत राहिली.

“डबा कुठाय?”

“टाकला. आणला त्याच दिवशी यात ओतून टाकला. आत्याबाईंना दिसला असता.” सासूबाईंना ती आत्याबाई म्हणायची.

“मोजायचा चमचा?”

“तोही डब्यातच गेला.”

“मग माप कसं घेतेस?”

“अंदाजे. बाटलीभर पाण्यात हा एक चमचा. पांढरं दिसलं की बस करते. लवकर संपली तर पुन्हा आणायला जावं लागेल, कुणीतरी बघेल.”

काटेताईनं चमचा वर उचलून बघितला. चहाचा, सपाट, छोटा. डब्यातल्या मापानं तेवढ्या पाण्याला निदान चार-पाचपट पावडर लागली असती. म्हणजे बाळ तीन आठवडे पांढरं पाणी पीत होतं. पोट पाण्यानं टम्म, म्हणून आईच्या अंगावर ओढायचं नाही. ओढायचं नाही म्हणून आईचं आधीच कमी असलेलं दूध आणखी कमी. तिचा हिशेब जुळला, आणि जुळला तेव्हा तिला आणखी राग आला.

“शिलाईत तुझं माप अर्धं बोट चुकत नाही म्हणतात. आणि पोरीच्या पोटाचं माप अंदाजे?”

“कापडाचं माप घेताना कुणाची भीती नसते,” टेलरीण म्हणाली.

“माझी भीती? मी काय खाते का? दर वेळी तुला विचारलं नाही मी?”

आता टेलरणीनं मान वर केली. आवाज चढवला नाही.

“तुम्ही कुठे विचारलंत, ताई? पाजतेस ना, म्हणालात. देत नाहीस ना, म्हणालात. उत्तर तुम्हीच दिलंत. मला फक्त हो आणि नाही तेवढं जोडायचं होतं.”

काटेताईनं तोंड उघडलं आणि तिच्या कानात घड्याळजींचा भिंगवाला आवाज आला, थट्टेचा, रोजचा. ती खुर्चीत बसून होती, कोपर उंच हातावर, खांदा कानाला लागलेला. ते अवघडलेपण तिच्या लक्षात आलं, पण ती हलली नाही.

“तेराव्या दिवशी काय झालं होतं?” तिनं विचारलं.

हा प्रश्न तिचा तिलाच नवा वाटला. टेलरणीलाही वाटला असावा, कारण ती सांगायला लागली आणि थांबेना. बाळ दिवसभर रडत होतं. छाती मऊ, रिकामी. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी घागरी भरत होत्या, तुमचं नाटक आहे. मग ते वाक्य, डबा आणि झरा. चहाला एकदा, जेवताना एकदा, शेजारीण आली की हमखास. “मी म्हटलं, माझा झरा तर डब्याच्या आधीच बुजलाय. म्हणजे मी आई झालेच नाही का? मग चोरून डबा आणला. ताई, चोरून आणलेल्या वस्तूचा कागद कोण वाचत बसतं?”

टाचणी जागी झाली. हळूच रडली. टेलरणीनं ताईकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं, आणि ते बघणं ताईला बरणीपेक्षा जास्त लागलं.

“घे तिला. आधी अंगावर घे. तुझं आहे ते पहिलं. तीस ग्रॅम असेल तर तीस, पण ते तुझं आहे आणि तिच्या कामाचं आहे. बाळंतपणात तुझं रक्त गेलंय, त्यानं एखादीचं दूध कमी येतं. त्यात तुझा गुन्हा नाही. उरलेलं मी आणते.”

“काय आणता?”

“डबा,” काटेताई म्हणाली. शब्द तिच्या तोंडाला सवयीचा नव्हता.

*

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदारानं तिला काउंटरशी बघितलं आणि तो उठून उभा राहिला.

“पावडरीचा डबा द्या. तान्ह्या बाळाचा, पहिल्या सहा महिन्यांचा.”

“तुम्हाला?” दुकानदार म्हणाला. “ताई, कशाला पाहिजे? उंदरांना घालायचाय का?”

“बाळाला पाहिजे. लवकर द्या.”

त्यानं डबा काढला आणि हात सवयीनं खाली गेला. जुन्या वर्तमानपत्राचा कागद काढून तो गुंडाळायला लागला, वरून दोरा.

“गुंडाळताय कशाला?”

“सगळ्यांना असाच देतो. त्याच सांगतात.” दुकानदारानं दोरा तोडता तोडता मान वर केली नाही. “म्हणतात, काटेताईंच्या खिडकीवरून जायचंय.”

“सगळ्या म्हणजे किती?”

“आता मोजलेत का मी. आठवड्याला पाच-सहा तरी. काही जणी तर डबा इथेच पिशवीत ओततात आणि रिकामा इथेच टाकून जातात. तो बघा.” काउंटरमागे एका पुठ्ठ्याच्या खोक्यात रिकामे डबे होते, आणि बऱ्याच डब्यांत मोजायचे चमचे तसेच, न वापरलेले.

काटेताई त्या खोक्याकडे बघत उभी राहिली. त्या आठवड्याच्या पाच-सहा जणी तिच्या वहीतही होत्या. त्यांच्या नावापुढे तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, हो.

“कागद काढा,” ती म्हणाली. “असाच द्या.”

डबा हातात उघडा धरून ती भर बाजारातून परत गेली. घड्याळजींच्या दुकानावरून जाताना त्यांनी भिंग वर केलं, डबा बघितला, बायकोचा चेहरा बघितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा थट्टा केली नाही.

ती पोचली तेव्हा सासूबाई भाजी घेऊन आल्या होत्या. बरणी उघडी, सून बाळाला पाजतेय, आणि दारात काटेताई डबा घेऊन. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली.

“हे काय बघतेय मी? तुम्हीच ना म्हणायच्या, डबा उघडला—”

“मीच म्हणायची. ते वाक्य माझं आहे, मी परत घेते.”

“वाक्य काय परत घ्यायला झबलं आहे? शिवलं आणि आवडलं नाही म्हणून उसवलं?”

“उसवता येतं. तुमच्या सुनेला विचारा, नीट शिवण्यापेक्षा उसवायलाच जास्त वेळ लागतो. बसा जरा. तुमचं डोकं तापलंय ते मला कळतंय, पण तुमच्या नातीचं वजन सोमवारी हललं नाही तर तिच्या नाकात नळी जाणार आहे. भांडायचं ते मंगळवारी भांडू.”

सासूबाई बसल्या. आणि मग काटेताईनं जे सव्वीस वर्षांत कुणाला शिकवलं नव्हतं ते शिकवलं. आधी डब्यावरचं बारीक अक्षर सासूबाईंकडून मोठ्यानं वाचून घेतलं. त्यांचा चष्मा होता आणि त्यांना अक्षर लागत होतं, याचा त्यांना अभिमान होता. हात साबणानं. पाणी खळखळ उकळून, पुरेसं गरम असतानाच त्यात पावडर. चमचा डब्यातलाच, काठाशी सपाट केलेला, दाबून भरलेला नाही. पाणी आधी, पावडर नंतर. मग मनगटावर थेंब टाकून बघायचं. वाटीनं पाजायचं, बाळाला बसतं धरून, आणि उरलं तर ठेवायचं नाही, ओतून द्यायचं.

“ओतून?” सासूबाई म्हणाल्या. “एवढं महागाचं?”

“ओतून.”

सासूबाईंनी चमचा हातात घेऊन सुरीच्या पाठीनं पावडर सपाट केली. एकदा, दोनदा. सुनेकडे न बघता म्हणाल्या, “मला सांगितलं असतंस तर मी काय तुला फासावर दिलं असतं?”

टेलरणीनं बाळाला सावरून बसतं धरलं. काटेताई म्हणाली, “तुम्हालाही प्रश्नाला शेपूट लावायची सवय दिसते.” पण हे कुणाला कळलं नाही, आणि तिनं समजावूनही सांगितलं नाही. आधी अंगावर, मग वाटीनं. बाळानं वाटीच्या काठाला जीभ लावली, ते थांबलं, आणि मग त्यानं अशी घाई केली की टेलरणीला हात मागे घ्यावा लागला.

परत जाताना ताई डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरली. जे झालं ते सांगितलं, त्यातला स्वतःचा वाटा आधी. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “बरं झालं कळलं,” एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “माझ्या धाकट्याच्या वेळी मी पण तुम्हाला हो म्हणाले होते.”

*

सोमवारी सकाळी टेलरीण दहा मिनिटं आधी आली. सासूबाई बरोबर. शनिवारी सुतार खुर्चीचे हात कापून गेला होता. काटेताईनं दुपटं घासून पत्रा गरम केला, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. टाचणीला पाळण्यात ठेवलं. काटा डुलला, मागे गेला, पुढे आला आणि थांबला.

तीन किलो एकशे साठ.

चार दिवसांत एकशे चाळीस. ताईनं आकडा वाचला, पुन्हा वाचला, मग लंगोट चाचपून बघितला. कोरडा होता.

“नळी?” टेलरणीनं विचारलं.

“कसली नळी. गुरुवारी परत ये. आणि हिला आता टाचणी म्हणू नकोस, वाढायला लागलीय, बोचेल.”

सासूबाई दारातून म्हणाल्या, “मग काय म्हणायचं?” 

“ते तुमच्या घरचं. मी फक्त वजन करते.”

टेलरीण खुर्चीत बसली, पाजायला. काटेताईनं वही उघडली. नावापुढे तीन आठवड्यांचे तीन ‘हो’ होते. तिनं ते खोडले नाहीत. त्यांच्या खाली लिहिलं: अंगावर दहा वेळा, वाटीनं सात वेळा, माप बरोबर. ओळ रकान्यात मावेना, समासात गेली.

दारात दुसरी एक पोर उभी होती, चार-पाच दिवसांचं बाळ घेऊन, बरोबर कुणी नाही. डोळे सुजलेले. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत काहीतरी गोल, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ताईची नजर पिशवीवर पडलेली बघताच पोरीनं ती पाठीमागे सरकवली.

काटेताई पत्र्याकडे वळली आणि दुपटं घासायला लागली.

“अंगावरच पाजतेस—”

आणि थांबली. तोंड उघडंच राहिलं. सव्वीस वर्षांची सवय, शेपूट जिभेच्या टोकाशी वळवळत होतं. खुर्चीतून टेलरीण बघत होती.

काटेताईनं दुपटं खाली ठेवलं, ती पूर्ण वळली आणि पोरीच्या समोर उपड्या खोक्यावर बसली, म्हणजे पोरीपेक्षा खाली.

“काय काय देतेस बाळाला?” तिनं विचारलं. “सांग मला. सावकाश. आणि त्या पिशवीतलं काढून टेबलावर ठेव, कागद सोडून. त्याच्यावर काय लिहिलंय ते आपण दोघी मिळून वाचू.”

पोरीनं आधी टेलरणीकडे बघितलं. टेलरणीनं बाळाच्या डोक्यावरून नजर न काढता मान हलवली. मग दोऱ्याची गाठ सुटायला थोडा वेळ लागला, कारण दुकानदार ती फार घट्ट मारतो.